सेवोची भूल म्हणजे झोपच का?

पर्वतीपायथा: सेवोफ्लुरेन (सेवो) या हुंगायच्या भुलीच्या औषधावर ईईजीत, म्हणजे मेंदूच्या विद्युत आलेखात, संथ डेल्टा लहरी येतात, गाढ झोपेतही त्याच. मग भूल म्हणजे झोपच मानायची का? आणि पुण्यात हवेचा दाब कमी, म्हणून व्हेपोरायझरचा (औषधाची वाफ वायूत मिसळणाऱ्या यंत्राचा) डायल वाढवावा लागतो का?

सिनॅप्स: बटण तेच, वायरिंग वेगळं. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधल्या व्हीएलपीओ या झोपेच्या केंद्राच्या पेशी झोप लागताना चालू होतात आणि गाबा हे शांत करणारं रसायन सोडून जागं ठेवणाऱ्या केंद्रांना गप्प करतात. सेवोसारखंच दुसरं औषध आयसोफ्लुरेन याच पेशींना चेतवतं, हे २०१२ साली उंदरांत दिसलं. पण व्हीएलपीओ नष्ट केला तरी भूल लागतेच; पेशींवरच्या गाबा-ए रिसेप्टर आणि पोटॅशियम चॅनेलवरचा औषधाचा परिणाम मेंदूभर होत असतो.

भूल उतरण्याची वाट आणखी वेगळी. २००८ च्या प्रयोगात जागं ठेवणाऱ्या ओरेक्सिन पेशी नसलेल्या उंदरांना भूल लागली नेहमीसारखीच, उतरायला मात्र वेळ लागला. नार्कोलेप्सीत (दिवसा अचानक झोप येण्याच्या आजारात) याच पेशी कमी असतात, म्हणून असा पेशंट असेल तर उशीर होऊ शकतो हे लक्षात ठेवा; माणसांत तो दर वेळी होतोच असं नाही.

कोथरूडकर: पण १ मॅकला (म्हणजे चिरा दिला तरी निम्मे पेशंट हलत नाहीत, तेवढी मात्रा) पेशंट हलला नाही, म्हणजे मेंदू झोपलाच ना?

सिनॅप्स: नाही हो, इथेच गफलत होते. न हलणं हे मुख्यतः मज्जारज्जूचं काम. १९९३ मध्ये शेळ्यांच्या फक्त मेंदूला आयसोफ्लुरेन पोचवलं, तर मॅक १.२ वरून २.९ टक्क्यांवर गेला! शुद्ध हरपायला साधारण एक तृतीयांश मॅक पुरतो. तेव्हा पेशंट हलला म्हणजे जागा झाला असं नाही, आणि स्नायू शिथिल केलेला पेशंट निपचित पडलाय म्हणजे बेशुद्ध आहे असंही नाही.

शिवाय झोपलेला माणूस चिमटा काढला की उठतो. भूल खोल गेली की ईईजीत मधेमधे सपाट पट्टे येतात, निरोगी झोपेत ते कधीच नसतात. आयसोफ्लुरेननंतर उंदरांची रेम (स्वप्नांची) झोप वाढते, म्हणजे त्या झोपेचं कर्ज भुलीत फिटत नाही.

गॅसवाला: डायलचं सांगतो. पुणे सुमारे ५६० मीटरवर, दाब अंदाजे ७१० मिमी. सेवोचा साधा व्हेपोरायझर २ वर ठेवला तर बाहेर २.१ टक्के येतं, पण आंशिक दाब (एकूण दाबातला सेवोचा वाटा) जवळपास तोच. मेंदूला दाबाशी मतलब, टक्क्यांशी नाही. डायल तसाच राहू द्या. डेसफ्लुरेन या तशाच दुसऱ्या औषधाच्या तापवलेल्या व्हेपोरायझरचं उलट: तो टक्केच कायम ठेवतो, त्यामुळे दाब घटतो. मुंबईत डायल ६ टक्क्यांवर असेल, तर इथे ६.४ लागतील.