जॅकार्डसोबत डिझाइन सॉफ्टवेअर मिळतंय, सही करण्याआधी काय तपासावं?

लोअरपरळ_डिझाइन:
ऑफिस लोअर परळला, शेड भिवंडीत. 16 फ्रेमच्या डॉबीचे (साध्या, छोट्या नक्षीचे) 24 रेपियर माग, 2688 हुकांचे 6 जॅकार्ड (मोठ्या नक्षीसाठी हुकांनी ताण्याचे धागे उचलणारे). आत्ता डिझाइन फोटोशॉपमध्ये काढून पंचिंग (डिझाइनची मागाला समजणारी फाइल बनवणं) बाहेरून करून घेतो. जॅकार्डच्या सप्लायरची एका सॉफ्टवेअर कंपनीशी भागीदारी आहे. दोन लायसन्स, यार्न लायब्ररी (सुतांची तयार यादी) आणि ट्रेनिंग पॅकेजमध्ये देतोय. डेमो मस्त दिसला. नेमकं काय विचारू?

पिकग्लास:
डेमो मस्तच दिसतो, तो त्यांच्या लॅपटॉपवर असतो! तुमच्या शेडमध्ये, तुमच्या मागावर कापड काढून दाखवा म्हणा.

त्याआधी प्रत्येक जॅकार्डचं स्वतंत्र टिपण करा: हार्नेस टाय (हुकांना ताण्याचे धागे जोडण्याची पद्धत) सरळ की सेंटर (आरशासारखी), डिझाइनला किती हुक, सेल्व्हेज (किनार) आणि वेफ्ट सिलेक्टरला (बाण्याचा धागा निवडणाऱ्या भागाला) किती, पहिला हुक कुठल्या बाजूला. सहाही एकसारखे आहेत असं गृहीत धरू नका. मग टेस्ट फाइल: एक तिरकी रेघ आणि शेजारी मोठा 'क'. 'क' उलटा आला तर हुकांचा क्रम उलटा, किंवा कापड तोंड खाली करून विणलं जातंय आणि फाइल त्याप्रमाणे फिरवलेली नाही. फुलापानांच्या डिझाइनमध्ये ही चूक दिसत नाही, म्हणून अक्षर.

फाइलही तुमच्या जॅकार्डच्या कंट्रोलरच्या फॉरमॅटमध्ये थेट निघायला हवी. स्टॉबलीला जेसी5, बोनासला ईपी. मध्ये कन्व्हर्टर लागणार असेल तर तो कोणाचा आणि बिघडला तर फोन कोणाला, हे आत्ताच ठरवा.

रिपीटचं (नक्षी एकदा पूर्ण होण्याच्या मापाचं) गणित हातानेही करून बघा. डिझाइनला 2400 हुक आणि इंचाला 96 एंड (ताण्याचे धागे) असतील तर रुंदी 25 इंच. 14 इंच उंचीला, इंचाला 64 पिकने (बाण्याच्या धाग्यांनी), 896 पिक लागतात. तीच फाइल 56 पिकवर लावली की उंची 16 इंच होते आणि गोल बुट्टी अंडाकृती.

ताणाबाणा:
वरचं सगळं बरोबर, पण पैसे बुडतात ते मास्टर डेटात (सॉफ्टवेअरमध्ये भरलेल्या सूत-रीडच्या मूळ माहितीत).

आपल्याकडे रीड (मागाची फणी) स्टॉकपोर्ट पद्धतीने बोलतात, म्हणजे 2 इंचातले डेंट (फणीतल्या फटी). 96 ची रीड म्हणजे इंचाला 48 डेंट, डेंटमध्ये 2 धागे, 96 एंड. सॉफ्टवेअर बहुधा इंचाचे किंवा सेंटिमीटरचे डेंट मागतं. तिथे कोणी सवयीने 96 टाकलं की एंड 192 होतात. 40 बाय 40, 96 बाय 64 चं (ताणा-बाणा दोन्ही 40 काउंटचे, इंचाला 96 एंड आणि 64 पिक) जीएसएम, म्हणजे चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन, क्रिंप (विणताना धाग्याला येणारा बाक) सोडून असं येतं: 96/40 + 64/40 = 4, गुणिले 23.25, म्हणजे 93. चुकीच्या रीडने तेच 149 दिसतं, आणि ताण्याच्या सुताची ऑर्डर दुप्पट जाते. दुसरी नेहमीची चूक 2/40 ला (दोन पदरी 40 च्या सुताला) 40 लिहिण्याची. तो 20 आहे.

सप्लायरची तयार यार्न लायब्ररी शोभेपुरती. तुमच्या गोडाऊनमधल्या सुतांचे रॅपिंग कार्ड (पुठ्ठ्यावर गुंडाळलेले सुताचे नमुने) बनवून स्कॅन करा. स्क्रीनवरचा रंग काळबादेवीच्या व्यापाऱ्याला पाठवू नका. मॉनिटर कॅलिब्रेट करून प्रिंट डी65 च्या (दिवसाच्या उजेडासारख्या प्रमाणित प्रकाशाच्या) लाइटबॉक्सखाली सुताशी जुळवा.

लोअरपरळ_डिझाइन:
मग करारात काय लिहून घेऊ? आणि डॉबीसाठी वेगळं लायसन्स लागेल का?

पिकग्लास:
बऱ्याच कंपन्या डॉबी आणि जॅकार्ड मॉड्यूल वेगळे विकतात, कोटेशनमध्ये दोन्हींची नावं बघा. लायसन्स डोंगलवर (कॉम्प्युटरला लावायच्या छोट्या किल्लीवर) आहे की वार्षिक? वार्षिक असेल तर बंद केल्यावर जुन्या फाइल उघडतील का, हे लेखी घ्या. सप्लायरची भागीदारी उद्या तुटली तर सपोर्ट थेट सॉफ्टवेअर कंपनीकडून मिळेल, ही ओळ हवीच.

ट्रेनिंग डिझायनरबरोबर शेडच्या जॉबरलाही (माग लावणाऱ्या, सांभाळणाऱ्या मुकादमालाही) द्या. शेवटचा हप्ता 'क'चं कापड पास झाल्यावर. आणि पंचिंगवाल्याला तीन-चार महिने सोडू नका.