किर्केगार्दचा चर्चवरचा हल्ला: श्रद्धा एकट्याची की मंडळीची?

अनवट
एकोणिसाव्या शतकातला डॅनिश तत्त्वज्ञ सोरेन किर्केगार्द याला आपल्याकडे 'अस्तित्ववादाचा जनक' म्हणून दोन ओळींत उरकतात आणि थेट सार्त्र-काम्यूकडे वळतात. शेवटच्या वर्षात त्याने डेन्मार्कच्या चर्चशी मांडलेलं भांडण फारसं कुणी वाचत नाही. मला ते त्याचं सर्वांत मोठं काम वाटतं.

जानेवारी १८५४मध्ये कोपनहेगनचे बिशप म्यून्स्टर वारले. त्यांच्या स्मरणार्थ प्रवचन करताना मार्टेन्सेन यांनी (पुढे तेच बिशप झाले) त्यांना 'सत्याचा साक्षीदार' म्हटलं. ख्रिस्ती परंपरेत हा मान विश्वासापायी फटके खाल्लेल्यांचा, जीव दिलेल्यांचा. म्यून्स्टर विद्वान होते, सज्जन होते, पण सरकारी पगारावर आणि दरबारी मानमरातबात जगले. किर्केगार्दच्या वडिलांची त्यांच्यावर फार भक्ती होती, तरी त्या डिसेंबरात मुलाने वर्तमानपत्रात जाहीरपणे लिहिलं की हे खोटं आहे. मे १८५५पासून त्याने 'क्षण' या अर्थाच्या नावाची पत्रकं काढली. नऊ अंक निघाले. दहावा लिहून तयार होता, पण किर्केगार्द रस्त्यात कोसळला आणि ११ नोव्हेंबरला, ४२व्या वर्षी, गेला.

त्याचं म्हणणं असं: जिथे जन्मतःच सगळे ख्रिस्ती, तिथे ख्रिस्ती *होणं* उरतच नाही. एका अंकात त्याने लिहिलंय, भव्य कॅथीड्रलमध्ये उच्चपदस्थ राजधर्मोपदेशक निवडक श्रीमंतांपुढे उभे राहतात आणि 'देवाने जगातल्या हीनदीनांना निवडलं' या वचनावर गहिवरून बोलतात. आणि कुणीही हसत नाही. ही टीका प्रत्येक संघटित धर्माला लागू आहे असं मी मानतो.

वसईची_वाट
मी जन्माने ख्रिस्ती. घरात रोज संध्याकाळी रोझरी (जपमाळेची प्रार्थना) होते, आजीने तीच आम्हाला दिली. तिने कधी 'निवड' केली नव्हती. म्हणून तिची श्रद्धा नुसती चर्चच्या नोंदवहीतली ठरते का? दुसऱ्यांच्या श्रद्धेची खोली मोजायचा अधिकार किर्केगार्दला कुणी दिला?

आणखी एक. लोकरीच्या व्यापारात वडिलांनी कमावलेल्या पैशावर तो आयुष्यभर जगला. लेकुरवाळ्या पाळकाला (चर्चच्या धर्मगुरूला) पगारावरून बोल लावणं अशा माणसाला सोपं होतं.

अनवट
पैशाचा मुद्दा मान्य. पण त्याने स्वतःला कधी आदर्श ख्रिस्ती म्हणवलं नाही. 'मी स्वतःला ख्रिस्ती म्हणवत नाही' असं त्याने शेवटच्या अंकात स्पष्ट लिहिलंय. त्याची मागणी फक्त प्रामाणिकपणाची होती: आमच्याकडे जे चालतं ते बायबलच्या नव्या करारातलं नाही, एवढं कबूल करा.

आणि नोंदवही ही नुसती उपमा नव्हे हो. १८४०च्या दशकात बॅप्टिस्ट पंथीयांच्या (हे तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देणं मानत नाहीत) मुलांना आईबापांच्या इच्छेविरुद्ध सक्तीने बाप्तिस्मा दिला जाई, आणि म्यून्स्टर त्या सक्तीच्या बाजूने होते. किर्केगार्दचा थोरला भाऊ पेटर पाळक होता. त्याने असे बाप्तिस्मे द्यायला नकार दिला, तेव्हा नोकरी जायची वेळ आली. तुमच्या आजीशी किर्केगार्दचं भांडण नाही. पोरांच्या कपाळावर सरकारी हुकमाने पाणी शिंपडणाऱ्यांशी आहे.

तळटीप
सक्ती वाईटच. पण १८४९च्या संविधानाने धर्मस्वातंत्र्य दिलं, आणि किर्केगार्दचा मोठा हल्ला त्यानंतरचा आहे. त्याचं खरं लक्ष्य समूहच होता. माझी अडचण तिथे आहे. 'भय आणि कंप' (१८४३) मध्ये तो अब्राहामाला आदर्श मानतो: देवाच्या आज्ञेवरून मुलावर सुरी उचलणारा, कुणालाही काही सांगू न शकणारा बाप. अशा एकट्याला ऐकू आलेला आवाज देवाचाच, हे पारखायचं कुणी? मंडळी, परंपरा, शेजारी नकोत, तर उरतं काय? ज्यू तत्त्वज्ञ मार्टिन बुबरने नेमकं इथेच बोट ठेवलं. किर्केगार्दने देवासाठी रेगीनशी ठरलेलं लग्न मोडलं. बुबर म्हणतो, देवाकडे जायचं ते त्याने निर्माण केलेल्या रेगीनांना सोबत घेऊन, त्यांना टाकून नव्हे. मला हे पूर्ण पटतं.

ओवीबद्ध
@तळटीप, समूह पारख करतो तसा गळाही आवळतो. पंडिता रमाबाईंनी १८८३मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. लगेच अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या) भगिनींनी सिद्धान्त आणि आज्ञापालनाचा आग्रह धरला. रमाबाईंनी कळवलं की भटशाहीचं जोखड मोठ्या कष्टाने झुगारलंय, तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही. किर्केगार्दचं नाव त्यांच्या कानावर गेलं असेल असं मला वाटत नाही, पण कणा तोच. ही बाई मंडळीच्या सल्ल्याने चालली असती तर?

तळटीप
रमाबाई एकट्या उभ्या राहिल्या, पण एकट्या राहिल्या नाहीत. केडगावला त्यांनी शेकडो बायकामुलींचं मुक्तिसदन उभारलं. किर्केगार्दच्या 'व्यक्ती'ला असं घर बांधता येत नाही.

वसईची_वाट
डेन्मार्कचंच उदाहरण देते. ऑक्टोबर १९४३मध्ये नाझींनी तिथल्या ज्यूंची धरपकड सुरू केली, तेव्हा बिशपांचं निषेधपत्र ३ ऑक्टोबरला देशभरच्या चर्चमध्ये वाचलं गेलं. त्या काही आठवड्यांत सात हजारांहून जास्त ज्यू समुद्रमार्गे स्वीडनला पोचवले गेले. ते पत्र वाचणारे पाळक त्याच सरकारी चर्चचे होते, ज्यात किर्केगार्दला जीव दिसत नव्हता.

अनवट
त्या चर्चला मनापासून मान. पण त्या पत्रातच म्हटलंय की माणसांपेक्षा देवाची आज्ञा आधी पाळली पाहिजे. १८५५मध्ये किर्केगार्दने मरणशय्येवर पाळकाकडून प्रभुभोजन (भाकर-द्राक्षारसाचा चर्चमधला विधी) नाकारलं, सामान्य ख्रिस्ती माणसाकडून घ्यायची तयारी होती. कारण त्याने सांगितलं: पाळक राजाचे नोकर आहेत, राजाच्या नोकरांचा ख्रिस्ती धर्माशी संबंध नाही. १९४३ला त्या पाळकांना सत्तेपुढे नाही म्हणावं लागलं. पगारी नोकर एरवी ते म्हणत नाही.

वसईची_वाट
म्हणाले ना पण! आणि एकदम, एकाच रविवारी. एकेकट्याने म्हटलं असतं तर गेस्टापोने (नाझींच्या गुप्त पोलिसांनी) एकेकाला उचललं असतं. धैर्य एकेकाचं असेल, पण ते पत्र गावोगाव पोचवायला पुलपिट (प्रवचनाचा मंच), यादी, बिशपची सही लागली. ती व्यवस्था आधीपासून उभी होती म्हणून ते जमलं, आणि ती टिकवली ती माझ्या आजीसारख्या, न निवडता दर रविवारी येणाऱ्या माणसांनी.