गेटवरची व्हॅन

बी-२०३ पाटील: आजही सव्वाआठला ती पिवळी व्हॅन गेट अडवून उभी. मागे माझ्यासकट चार गाड्या. सेक्रेटरीसाहेब, किती वेळा सांगायचं?

सेक्रेटरी: ड्रायव्हरशी बोलतो 🙏

ए-५०१ ईशानची आई: त्याला नका बोलू. व्हॅनमधली मावशी काम सोडून गेली. ईशानला मीच चढवते. हॉर्न वाजला की तो कान दाबून पायरीवरच आडवा होतो, मग पुन्हा पहिल्यापासून. वाजवला नाहीत तर पाच मिनिटांत होतं.

सी-१०२ शहाकाका: सिंकिंग फंडाला हात लावायचा नाही.

ए-३०४ निखिल: काका, पैशांचं कोणी बोललंच नाहीये 😄

शहाकाका: बोलतील.

सी-४०४ मीनाताई: गणपतीचे उरलेत की थोडे. मावशीचा एखादा पगार निघेल.

ए-३०२: उरलेत? हिशोब कुठंय?

सेक्रेटरी: लिफ्टजवळ लावला होता.

निखिल: त्यावर कोणीतरी इस्त्रीवाल्याचा नंबर लिहिलाय.

शहाकाका: सिंकिंग फंडाला हात लावायचा नाही.

ईशानची आई: वर्गणी नकोच आहे. व्हॅनचे पैसे आम्ही भरतो. मावशीचं शाळेने बघायचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात, कलम १६, मुलाच्या वाहतुकीची सोय आहे, जास्त मदत लागत असेल तर मदतनिसाचीही. शाळा म्हणते निधी नाही. सरकारच्या समग्र शिक्षा योजनेत दिव्यांग मुलामागे ₹३,५००, त्यातच प्रवास, मदतनीस, साधनं. महिन्याला नाही, वर्षाला!

पाटील: हा मेसेज डिलीट केला आहे

निखिल: वाचला हो सगळ्यांनी.

पाटील: तुला कोणी विचारलंय? ताई, तुम्हाला उद्देशून नव्हतं.

ईशानची आई: बरं.

डी-२०१: 🌹 शुभ सकाळ 🌹 हसत राहा

बी-६०१ नाना: मी महापालिकेत नोकरी केली आहे. दिव्यांगांसाठी ५ टक्के निधी राखीव असतो. एकट्या पालकाचा अर्ज टेबलावरच राहतो. व्हॅनमधल्या सगळ्या मुलांचे पालक मिळून द्या, यूडीआयडी कार्डांच्या (दिव्यांग ओळखपत्रांच्या) झेरॉक्स जोडून. आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मी येतो सोबत.

ईशानची आई: गुरुवारी जमेल नाना?

नाना: ११ ला.

पाटील: तोवर व्हॅन आत घ्या, गेस्ट पार्किंगला. पण तिथे आठवडाभर लाल स्विफ्ट आहे. कोणाची?

डी-१०१: पाहुण्यांची.

पाटील: आठवडाभर पाहुणे?

सेक्रेटरी: कृपया रात्रीपर्यंत हलवावी 🙏

डी-१०१: लेखी नोटीस द्या. नियम सगळ्यांना सारखा.