बिनतारी ब्रॉडबँड आपल्या घरी मिळेल का, हे खात्रीने कसे ठरवावे?

दूरस्थ
नमस्कार. आमच्या घरापर्यंत फायबर आलेले नाही आणि नजीकच्या काळात येण्याची चिन्हेही नाहीत, म्हणून बिनतारी ब्रॉडबँड, म्हणजे मनोऱ्यावरून रेडिओ लहरींनी घरापर्यंत येणारे इंटरनेट, घेण्याचा विचार चालू आहे. एका कंपनीच्या नकाशात आमचा संपूर्ण परिसर सेवाक्षेत्र म्हणून रंगवलेला दिसतो. परंतु त्याच संकेतस्थळावर घराचा पत्ता भरला, की सेवा उपलब्ध नसल्याचा संदेश येतो. जवळच राहणाऱ्या एका कुटुंबाकडे मात्र याच कंपनीची जोडणी चालू आहे. अशा वेळी नकाशा खरा मानावा की पत्त्यावर मिळालेले उत्तर? आणि पैसे भरण्यापूर्वी आपल्याला स्वतः काय तपासता येते? घरातील दोघांचे काम यावर अवलंबून राहणार असल्यामुळे केवळ अंदाजावर निर्णय घ्यायचा नाही.

तरंग
दोन्ही उत्तरे एकाच वेळी खरी असू शकतात, कारण ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. सेवाक्षेत्राचा नकाशा बहुधा प्रत्येक घरासमोर उभे राहून मोजलेला नसतो. मनोऱ्याची उंची, अँटेनाची दिशा, जमिनीचा चढउतार आणि लहरींची वारंवारता यांवरून संगणकाने काढलेला तो अंदाज असतो, आणि अनेकदा तो घराबाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या मोबाइलपुरता असतो. पत्त्याची तपासणी मात्र त्या ठिकाणी एक अख्खे घर जोडता येईल का, हे पाहते.

येथे क्षमतेचा मुद्दा येतो आणि माझ्या मते बहुतेक गोंधळाचे मूळ त्यातच आहे. मनोऱ्यावरचे क्षेत्र सामान्यतः तीन भागांत, म्हणजे सुमारे १२० अंशांच्या तीन सेक्टरांत विभागलेले असते आणि एका सेक्टरची क्षमता त्यातील सर्व ग्राहकांमध्ये वाटली जाते. एक घर एका मोबाइलपेक्षा कितीतरी अधिक डेटा वापरते, म्हणून कंपन्या प्रत्येक सेक्टरमधील घरगुती जोडण्यांची संख्या मर्यादित ठेवतात. आपल्या शेजाऱ्यांना जागा शिल्लक असताना जोडणी मिळाली असेल, किंवा त्यांचे घर वेगळ्या सेक्टरमध्ये येत असेल. त्यामुळे ग्राहकसेवेला नेमके एवढेच विचारावे, की नकाराचे कारण सिग्नल आहे की क्षमता. क्षमता असेल तर प्रतीक्षायादीत नाव नोंदवता येते का, ते पाहावे. सिग्नल असेल तर छतावरच्या अँटेनाने मार्ग निघू शकतो. पत्त्याऐवजी नकाशावर घराच्या छतावर खूण करून तपासण्याची सोय असल्यास तीही वापरून पाहावी, कारण पत्त्यांच्या नोंदी पुष्कळदा चुकीच्या ठिकाणी जोडलेल्या असतात.

मोजपट्टी
त्याच कंपनीचे सिम मोबाइलमध्ये घालून स्वतः मोजणी करावी, असे मी आग्रहाने सांगेन. पडद्यावरच्या दांड्यांवर विसंबू नये, कारण किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे प्रत्येक उत्पादक आपापले ठरवतो. सिग्नलचे आकडे दाखवणारे ॲप घेऊन त्यातील आरएसआरपी, म्हणजे मनोऱ्याकडून येणाऱ्या सिग्नलची ताकद, हे मूल्य पाहावे. ते डीबीएम या शक्तीच्या एककात आणि ऋण असते: उणे ८० च्या आसपास असल्यास उत्तम, उणे १०० च्या खाली गेल्यास कमकुवत, आणि उणे ११० च्याही खाली गेल्यास भरवसा ठेवण्यासारखे नाही. सोबत एसआयएनआर, म्हणजे व्यत्यय आणि गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती जोरदार आहे, हेही पाहावे, कारण सिग्नल जोरदार असूनही शेजारच्या मनोऱ्यांचा व्यत्यय अधिक असेल तर वेग मिळत नाही. हे मूल्य २० च्या वर असणे चांगले, शून्याच्या खाली असणे वाईट.

हीच मोजणी घरात, खिडकीत आणि गच्चीवर करावी, आणि कोणता बँड, म्हणजे लहरींच्या वारंवारतेचा पट्टा, पकडला आहे तेही नोंदवून ठेवावे. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूर जातात आणि भिंतींतूनही बऱ्यापैकी आत येतात, ३.५ गिगाहर्ट्झवर वेग अधिक मिळतो, परंतु भिंती आणि झाडे त्यांना लवकर अडवतात. वेगाची चाचणी दुपारी एकदा आणि रात्रीच्या गर्दीच्या वेळी एकदा, अशी दोन्ही वेळा घ्यावी. या दोन आकड्यांतील तफावत आपल्याला सेक्टरवरील ताण दाखवते, आणि ही माहिती कोणत्याही नकाशात मिळत नाही.

उंचवटा
वरील मोजणी मोबाइल कंपनीच्या सेवेपुरतीच लागू पडते, हे लक्षात घ्यावे. अनेक लहान स्थानिक सेवादाते ५ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या परवानामुक्त पट्ट्यात थेट मनोऱ्यापासून छतापर्यंत दुवा जोडतात आणि मोठ्या नकाशांत त्यांचा उल्लेखही नसतो. त्यांची चौकशी आसपासच्या छतांवरील लहान डिश पाहून आणि माणसांना विचारूनच करावी लागते. येथे निर्णायक ठरते ती दृष्टिरेषा. मनोरा डोळ्यांना दिसला म्हणजे काम झाले, असेही नाही. सरळ रेषेच्या भोवतालचा काही भागही मोकळा असावा लागतो, त्याला फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. ५ किलोमीटरच्या दुव्यासाठी ५.८ गिगाहर्ट्झवर मध्यभागी त्याची त्रिज्या सुमारे ८ मीटर भरते आणि तिचा निदान ६० टक्के भाग मोकळा हवा. झाडे मध्ये असतील तर ती पानांनी भरलेली असताना पाहणी करून घ्यावी, कारण पानांतील पाणी या लहरी शोषून घेते.

दूरस्थ
सर्वांचे मनःपूर्वक आभार. मोजणी केली: घरात उणे १०८, गच्चीवर उणे ९६. नकाराचे कारण सिग्नल असल्याचे कंपनीने कळवले आहे. या आकड्यांवर पुढे जाणे योग्य ठरेल का?

मोजपट्टी
प्रयत्न करण्यासारखी स्थिती आहे. १२ डेसिबलचा फरक म्हणजे गच्चीवर पोहोचणारी शक्ती घरातल्यापेक्षा जवळजवळ सोळापट आहे, आणि मनोऱ्याकडे रोखलेली बाहेरची अँटेना मोबाइलच्या अँटेनापेक्षा आणखी काही डेसिबल मिळवून देईल. मात्र घरात ठेवायचा राउटर घेऊ नये. छतावर बसवायचे बाह्य यंत्रच मागावे आणि प्रत्यक्ष पाहणीसाठी तंत्रज्ञ पाठवण्यास सांगावे.

तरंग
यास सहमत आहे. पाहणीनंतर जोडणी देण्याची तयारी दिसली, तर तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: वेग समाधानकारक न मिळाल्यास किती दिवसांत पैसे परत मिळतील, ठरावीक डेटा संपल्यावर वेग कमी केला जातो का, आणि सार्वजनिक आयपी पत्ता मिळतो का. शेवटचा मुद्दा घरातील कॅमेरा किंवा संगणक बाहेरून थेट वापरायचा असेल तर महत्त्वाचा आहे, कारण बऱ्याच बिनतारी जोडण्यांत एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. पाहणीतही नकार आला, तर उपग्रहसेवेचा विचार करावा; त्यात सुमारे ५५० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांची सेवा निवडावी, कारण ३५,७८६ किलोमीटरवरील भूस्थिर उपग्रहाकडून उत्तर येण्यास अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागतो आणि दृक्‌श्राव्य बैठकांत तो सतत जाणवतो.