पामतेल आलं, करडई गेली... खुल्या व्यापाराचा मातीला-पाण्याला काय हिशोब?

रानवाटा_औसा
नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारतो. आमच्याकडे मी लहान असताना रब्बीला ज्वारीत करडईचे तास (ओळी) हमखास असायचे, बांधाकडेला तर असायचेच कारण काट्यामुळे ढोरं आत शिरत नव्हती. वडील काढणीला पायाला गोणपाट गुंडाळून भल्या पहाटे जायचे, दवाने काटे जरा नरम पडतात म्हणून. पाणी द्यायचं कामच नव्हतं, मुळं खोल जातात आणि काळ्या रानातल्या ओलीवरच पीक निघायचं. वर्षाचं तेल घाण्यावरून घरात यायचं.

आता गावात करडई बघायला मिळत नाही. खरीपात सोयाबीन, रब्बीत हरभरा आणि ज्याच्याकडे बोअर आहे त्याचा ऊस. आणि घरात पामतेलाची पिशवी. लोक म्हणतात खुल्या व्यापाराने तेल स्वस्त झालं, ते खरंय. पण त्यापायी आपल्या रानाचं आणि पाण्याचं काय झालं हे कुणी धड सांगत नाही. जाणकारांनी सांगा.

तेलबिया_मास्तर
दादा, तारखा नीट लक्षात घ्या म्हणजे उलगडेल. 1986 ला तेलबियांचं उत्पादन वाढवायला सरकारचं तेलबिया मिशन निघालं आणि 90 च्या दशकाच्या सुरुवातीला देश खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला होता. मग 1994 ला पामोलीनची (पामचंच शुद्ध केलेलं तेल) आयात खुली केली, तेव्हा आयात शुल्क 65 टक्के होतं. पुढच्याच वर्षी बाकीची बहुतेक तेलंही खुली झाली आणि शुल्क 30 वर आलं, 1998 पर्यंत 15. चार वर्षांत एवढी उतरण, कोरडवाहू शेतकरी त्यात टिकणार कसा? पुढे शुल्क खालीवर होत राहिलं पण तोवर घाणेही बंद पडले होते. आज निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं आणि त्यात सगळ्यात जास्त पाम.

पर्यावरणाचा हिशोब दोन्हीकडे बघावा लागतो. पाम येतं मुख्यतः इंडोनेशिया-मलेशियातून, तिथे सुमात्रा-बोर्निओत जंगलं तोडून आणि दलदलीची रानं कोरडी करून जाळून बागा उभ्या राहिल्या, ओरांगउटानचं घर गेलं. म्हणजे आपल्या कढईतल्या तेलाचा धूर तिकडे निघाला. आणि इकडे बिनपाण्याचं पीक जाऊन पाणीखाऊ पीक आलं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगतो, करडई एकट्या पामने मारली नाही. काट्यामुळे काढणीला मजूर मिळेनात, मावा (रस शोषणारी कीड) पडायचा, आणि सोयाबीनची पेंड परदेशात जायला लागल्यावर सोयाबीनला दारात गिऱ्हाईक होतं. ते गिऱ्हाईकही खुल्या व्यापारानेच दिलं.

द्राक्षवाला_दिंडोरी
मास्तरांचं पटतंय, पण सगळं वाईटच झालं असं मी तरी म्हणणार नाही, कारण आमच्याकडे उलटा अनुभव आहे. 2010 ला युरोपने आपल्या द्राक्षात क्लोरमेक्वाट क्लोराईड पकडलं, आपण ज्याला सीसीसी म्हणतो, शेंडा रोखायला सगळेच मारायचो. मर्यादा किलोमागे 0.05 मिलिग्राम! कंटेनर तिकडे अडकले, कितीतरी लोक कर्जात बुडाले, आमच्या घरातही दोन वर्षं तोच विषय. पण त्या फटक्याने आम्ही शहाणे झालो. आता एक्स्पोर्टच्या प्लॉटवर कुठली फवारणी कधी केली ती वहीत लिहावी लागते, शेवटची फवारणी आणि तोडणी यात किती दिवस ठेवायचे ते पाळावं लागतं, आणि रेसिड्यूचा, म्हणजे मालात औषधाचा अंश किती उरलाय त्याचा, रिपोर्ट पास झाल्याशिवाय माल हलत नाही. हे कुणी पर्यावरण वाचवायला सांगितलं असतं तर आम्ही ऐकलं नसतं, हे मान्य करतो.

दुखणं दुसरीकडे आहे. लोकल मार्केटला जाणाऱ्या मालाला तसा रिपोर्ट कोण मागतो? म्हणजे जर्मनीतलं पोरगं तपासलेलं द्राक्ष खाणार आणि आपलं पोरगं बिनतपासलेलं. याचा मला फार राग येतो. आणि पाण्याचा तर विषयच काढू नका, ड्रिप असूनही बागा इतक्या वाढल्या की दर उन्हाळ्यात कुणाचं ना कुणाचं बोअर आटतंच.

रंगाचा_कामगार
इंडस्ट्रीबद्दल मी लिहितो, बारा वर्षं केमिकल लाईनला काढलीत. एच-ॲसिड नावाचा माल कपड्याच्या रंगासाठी लागतो. त्याचं सांडपाणी एवढं घाण की पाश्चात्य देशांनी कारखाने बंद केले, पण माल त्यांना हवाच होता, मग तो आपल्याकडे बनायला लागला. राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी गावात विहिरी बाटल्या, पाणी काळपट-तपकिरी झालं, माणसाला नको नि जनावराला नको. ते 1991 च्या आधीचं प्रकरण, सुप्रीम कोर्टाचा निकाल 1996 ला आला, प्रदूषण करणाऱ्यानेच खर्च भरायचा असा. तोवर विहिरींचं व्हायचं ते होऊन गेलं होतं.

द्राक्षवाले भाऊ म्हणतात तेच इथेही बघा. 1994 ला जर्मनीने काही ॲझो रंगांवर (कपड्याचे रासायनिक रंग) बंदी घातली, तर 1997 ला आपल्याकडे पण 70 ॲझो रंग बंद झाले, कारण ऑर्डर हातची जात होती. कापडात काय आहे ते गिऱ्हाईक तपासतो, नाल्यात काय सोडलं ते कुणी तपासत नाही. रात्रपाळीला मी स्वतः बघितलंय, पाऊस लागला की टाकीचा व्हॉल्व्ह उघडायचा. सकाळी ओढ्यावर लालसर फेस. मी तेव्हा बोललो नाही, नोकरी होती, पण ते आजही डोळ्यासमोर येतं.

रानवाटा_औसा
सगळ्यांचे मनापासून आभार. कामगार दादा, तुम्ही लिहिलंत ते वाचून खूप वेळ गप्प बसलो होतो. आज वडिलांना वाचून दाखवलं, ते म्हणाले बिनकाट्याची करडई असती तर सोडलीच नसती.

तेलबिया_मास्तर
वडिलांना सांगा, आहे की! फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेची नारी-6 ही जात, बिनकाट्याची. तेलासाठी नेहमीची हवी असेल तर परभणी-12 बघा. कोरडवाहूला सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरा, ओल असतानाच, उशीर झाला की मावा गाठतो.