मदत हवी आहे : ॲक्टिव्हेटेड चारकोलमुळे आईला शौचास काळे होते, मात्रा कमी करावी की बंद करावी?

रानजाई : माझी आई ६३ वर्षांची आहे. शरीरशुद्धीच्या एका शिबिरात सांगितल्यावरून ती दोन महिने रोज सकाळी ॲक्टिव्हेटेड चारकोलची (औषधी कोळशाची) एक चमचा भुकटी कोमट पाण्यातून घेते. गेल्या पंधरा दिवसांपासून तिला बद्धकोष्ठ आहे, शौचास काळे होते आणि दुपारपर्यंत ती पार गळून जाते. शिबिरातले लोक म्हणतात की विषद्रव्ये बाहेर पडताना असे होतेच. चमचा अर्धा करावा की बंद करावा, एवढेच मला सांगा. उद्या सकाळी सहा वाजता ती पुन्हा पेला हातात घेईल.

औषधीपेठ : त्यांना दुसरी कोणती औषधे चालू आहेत?

रानजाई : नेहमीच्याच गोळ्या आहेत, त्यांचा याच्याशी संबंध नाही. कृपया मात्रेविषयी सांगा.

औषधीपेठ : मी फार्मासिस्ट आहे, म्हणून आग्रहाने विचारते. कोणत्या गोळ्या, किती मिलिग्रॅमच्या आणि किती वाजता, हे कळल्याशिवाय मात्रेविषयी बोलणे योग्य होणार नाही.

निसर्गवाट : ताई, घाबरू नका आणि बंद तर मुळीच करू नका. मी सहा वर्षे महिन्यातून आठवडाभर चारकोल घेतो आणि माझे पोट उत्तम आहे. विषबाधेच्या रुग्णाला इस्पितळातही हेच देतात. फ्रान्समधील तूएरी नावाच्या औषधनिर्मात्याने १८३१ मध्ये वैद्यक अकादमीसमोर प्राणघातक मात्रेतील स्ट्रिक्निन कोळशाबरोबर गिळले आणि त्याला काहीही झाले नाही. जे स्ट्रिक्निनला अडवते, ते रोजच्या खाण्यातील विषारी द्रव्ये अडवणार नाही का?

रात्रपाळी : तुमच्याच उदाहरणात उत्तर आहे : तूएरीच्या पोटात विष आणि कोळसा एकाच वेळी गेले होते. मी तातडीच्या विभागात परिचारिका आहे. विष पोटात गेल्यापासून साधारण तासाभरात रुग्ण आला आणि तो शुद्धीवर असला, तर प्रौढाला सहसा ५० ग्रॅम चारकोल पाण्यात कालवून देतात. त्याच्या एका ग्रॅममध्ये कित्येक शे चौरस मीटर पृष्ठभाग असतो आणि आतड्यात असलेले विष त्या पृष्ठभागाला चिकटून मळावाटे बाहेर पडते. लोह, लिथियम, अल्कोहोल मात्र त्याला नीट चिकटत नाहीत. जे रक्तात मिसळले, तेही सहसा तो परत ओढू शकत नाही. फेनोबार्बिटल, कार्बामाझेपिन, डॅप्सोन अशा मोजक्या औषधांसाठीच वारंवार मात्रा देऊन तसा प्रयत्न करतात. निरोगी माणसाच्या शरीरातले नको असलेले पदार्थ यकृत आणि मूत्रपिंडे रोजच बाहेर टाकतात, त्यासाठी ही भुकटी लागत नाही.

निसर्गवाट : पण गॅसवर उपयोग होतो, हे युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेनेही २०११ मध्ये मान्य केले आहे.

रात्रपाळी : जेवणापूर्वी अर्धा तास एक ग्रॅम आणि जेवणानंतर लगेच एक ग्रॅम, एवढ्यापुरते मान्य केले आहे, हे खरे. पण ताईंनी गॅसविषयी विचारलेले नाही.

 

जुनी_वही : श्रीलंकेत बिट्टीच्या बिया खाऊन विषबाधा झालेल्या ४०१ रुग्णांवर चाचणी झाली होती. २००३ च्या त्या अहवालात वारंवार चारकोल दिलेल्यांपैकी २.५ टक्के दगावले, तर इतरांपैकी ८ टक्के. मात्र २००८ मध्ये ४,६३२ रुग्णांवरील चाचणीत, ज्यात कीटकनाशके प्यालेले रुग्णही होते, मृत्यूंत फरक आढळला नाही. विषबाधेतच मतभेद आहेत, तर रोजच्या सेवनाबद्दल एवढी खात्री कशी देता येईल?

रानजाई : मी तिच्या गोळ्यांचा डबा समोर घेऊन बसले आहे. थायरॉइडची लिव्होथायरॉक्सिन ती सहा वाजता उपाशीपोटी घेते आणि त्यानंतर दहा मिनिटांत चारकोल. रक्ततपासणीत टीएसएच (थायरॉइड कमी पडले की हा आकडा वाढतो) पूर्वी ३ होते, मागच्या आठवड्यात १४ आले, म्हणून डॉक्टरांनी ७५ मायक्रोग्रॅमची गोळी १०० ची केली. चारकोलविषयी आम्ही त्यांना सांगितले नव्हते, ते औषध आहे असे वाटलेच नाही. गुडघ्यासाठी महिनाभर डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळीही चालू आहे.

औषधीपेठ : म्हणूनच मी विचारत होते. दहा मिनिटांत मागून चारकोल आला, तर थायरॉइडची गोळी त्यालाच चिकटून वाया जाऊ शकते. टीएसएच त्यामुळे वाढले असण्याची शक्यता मोठी आहे आणि गळून जाणे त्याच्याशी जुळते. उद्यापासून चारकोल देऊ नका. पण चारकोल थांबला आणि वाढवलेली १०० ची गोळी चालूच राहिली, तर तीच त्यांना जास्त होऊन छातीत धडधड सुरू होऊ शकते. म्हणून स्वतः फेरबदल न करता दोन्ही गोष्टी डॉक्टरांना सकाळीच सांगा.

रात्रपाळी : मला डायक्लोफेनॅकची अधिक चिंता वाटते. त्याने जठरात व्रण होऊन रक्तस्राव झाला, तरी शौचास काळेच होते, आणि चारकोलमुळे तुम्ही तो रंग पंधरा दिवस नेहमीचा समजत आला आहात. अशक्तपणा त्याचाही असू शकतो. तपासणीशिवाय ही गोळी पुढे देऊ नका.

रानजाई : आज दुपारी दाखवून आणले. हिमोग्लोबिन ११.४ आहे, मळाची तपासणी उद्या आहे. डायक्लोफेनॅक थांबवली, पुन्हा ७५ चीच गोळी सुरू केली आणि सहा आठवड्यांनी टीएसएच पाहायचे ठरले. तिच्या स्टीलच्या पेल्याच्या तळाला काळे कडे बसले आहे, ते घासूनही निघत नाही. तिने पेला बाजूला ठेवला, पण भुकटीचा डबा फेकायला ती अजून तयार नाही.

रात्रपाळी : डब्याचे नंतर पाहू. उद्याचा निकाल येईपर्यंत त्यांना चक्कर आली, रक्ताची उलटी झाली किंवा डांबरासारखे चिकट, उग्र वासाचे शौचास झाले, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच तातडीच्या विभागात न्या.