वस्तीवर दरोडा पडला, तर चूक वस्तीवाल्यांची?

वस्तीवरची
काल इथे एका सदस्याने लिहिलं होतं: "पोलीस यायला तास लागतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी ज्याने घरात हत्यार ठेवलं नाही, कुत्रं पाळलं नाही, त्याने लुटलं गेल्यावर सरकारला बोल लावू नये. स्वतंत्र देशात आपल्या जिवाचे आपणच राखणदार." खाली शाबासक्यांची रांग. राग आला म्हणून सविस्तर लिहिते.

आमची वस्ती नगर जिल्ह्यात, गावापासून लांब, चारी बाजूंना ऊस. शेजारच्या वस्तीवर दरोडा पडला तेव्हा घरात म्हातारा-म्हातारी दोघंच होती. म्हाताऱ्याने उशाची कुऱ्हाड उचलली, तर तिचाच दांडा त्याच्या डोक्यात बसला. म्हातारीच्या कानातली फुलं ओरबाडली, पाळ्या फाटल्या. कुत्रंही होतं हो. त्याला आधीच विष घातलं होतं. आता सांगा, या दोघांनी कोणती जबाबदारी टाळली?

स्वसंरक्षणाचा हक्क कायद्याने दिलेलाच आहे. आधी भादंविची (भारतीय दंड संहिता) कलमं ९६ ते १०६, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४. रात्री घर फोडून आत आलेल्याचा झटापटीत जीव गेला, तरी मर्यादेत राहून केलेला प्रतिकार गुन्हा ठरत नाही. पण मला हक्क आहे म्हणून पोलिसांचं काम संपलं, हे कुठल्या कलमात लिहिलंय?

रोखठोक
वाक्य माझं आहे, उत्तरही मीच देतो. म्हाताऱ्यांचं वाईट वाटलं. पण ताई, तुमच्या उदाहरणाने माझंच म्हणणं खरं ठरतं. कुऱ्हाडीच्या जागी बारा बोअरची बंदूक असती तर दरोडेखोर ओट्यावर चढले असते का?

आणि ती का नव्हती? १९५९ चा शस्त्र कायदा. कलेक्टर कचेरीत अर्ज करा, तो पोलीस अहवालाला जातो, आणि वर्षभराने उत्तर येतं की "अर्जदाराच्या जिवाला विशेष धोका दिसून येत नाही". मला आलंय. म्हणजे आधी मार खा, मग अर्ज करा! वडिलांकडे पीकसंरक्षणाची बंदूक होती. निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा. लोकसभेला जमा, विधानसभेला जमा. चोर आचारसंहिता पाळतात का?

काळा_कोट
बारा बोअर कोणाला मिळते ते डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांच्या खुनानंतर अख्ख्या महाराष्ट्राने पाहिलं. एकट्या बीड जिल्ह्यात बाराशेच्या वर परवाने निघाले. कोणाकडे होते ते? उसातल्या म्हाताऱ्यांकडे नाही. कमरेला पिस्तूल लावून लग्नात हवेत बार काढणाऱ्यांकडे. परवाने सैल करा म्हणता, तर रांगेत पहिला नंबर त्यांचाच लागेल.

आणि कलमं सांगताना ३७ विसरू नका, जुनं ९९. पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता तर हा हक्क नाही, आणि बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब, २०१०. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की जीव धोक्यात असलेल्या माणसाने प्रत्येक घाव तोलूनमापून घालावा अशी अपेक्षा नाही. पण चोर पळायला लागला आणि तुम्ही पाठीत गोळी घातलीत, तर तो बचाव राहत नाही.

वऱ्हाडी_ठसका
कलमं कलमं काय करता? १३ ऑगस्ट २००४, नागपूरचं जिल्हा कोर्ट. कस्तुरबा नगरच्या बायांनी, त्यांच्यावर अत्याचार करणाऱ्या गुंड अक्कू यादवला भर कोर्टात संपवला. वर्षानुवर्षं तक्रारी केल्या होत्या, कोणी ऐकलं? २०१४ मध्ये सगळे निर्दोष सुटले. याला म्हणतात स्वसंरक्षण.

काळा_कोट
नाही म्हणत. तो पोलिसांच्या ताब्यात होता. आरोपी सुटले ते पुराव्याअभावी, स्वसंरक्षण सिद्ध झालं म्हणून नव्हे. त्या बायांवर काय गुजरलं हे मला ठाऊक आहे, त्यांच्याकडे बोट दाखवणार नाही. पण त्या घटनेचा नियम करू नका. उद्या तीच गर्दी तुमच्या दारात येईल.

जुन्नरी
तुमचे दरोडेखोर वर्षातून एकदा येतात. आमच्याकडे बिबट्या रोज येतो. जुन्नर, आंबेगाव, शिरूरला येऊन बघा. बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जातात. पोराला अंगणात एकटं सोडायची सोय नाही. माणसासाठी कलम ३४, आणि बिबट्यासाठी? तो वन्यजीव कायद्याच्या अनुसूची एकमधला, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेला. मारला की तुरुंग.

काळा_कोट
तसं नाही. वन्यजीव कायदा १९७२, कलम ११, पोटकलम २. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्हेतूने मारला किंवा जखमी केला तर गुन्हा नाही. मात्र शेळी वाचवायला मारला तर ते यात बसत नाही. आणि मेलेलं जनावर सरकारची मालमत्ता.

जुन्नरी
वाचायला छान आहे. बिबट्या मागून मानेवर येतो. सद्हेतू आठवायला तरी वेळ मिळतो का?

पुणे_पश्चिम
बिबट्याच्या घरात तुम्ही शिरलात, तो तुमच्या घरात नाही. जंगल कमी केलं की हे होणारच. थोडी जबाबदारी आपणही घ्यायला नको का?

जुन्नरी
कुठलं जंगल दादा? उसातच जन्मतात, उसातच वाढतात, तोडणीच्या वेळी फडात पिल्लं सापडतात. त्यांनी जंगल बघितलेलंच नाही. तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक बसू द्या, मग सहजीवनावर बोलू. माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रात, पिंजऱ्यांत किती ठेवणार? माझ्या चुलतभावाच्या मुलीला नेलं होतं. वाचली, पण अजून दिवे बंद केले की किंचाळते. तिने कोणाच्या घरात शिरकाव केला होता?

रात्रीचा_पंप
बिबट्या, दरोडा सगळं बाजूला ठेवा. मुळात माणूस रात्री दोन वाजता रानात कशाला जातो? हौस म्हणून? पंपाची थ्री-फेज वीज तेव्हा येते म्हणून! एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. थंडीत, चिखलात, साप-विंचवात पिकाला पाणी द्यायचं, बारे धरायचे. २०२३ पासून सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा ऐकतोय, दिवसा वीज मिळणार म्हणून. आमच्या फीडरला अजून रात्रच आहे. हातातल्या काठीवर कोणी बोलतंय, कोणी बंदुकीवर. वेळापत्रकावर कोणीच बोलत नाही.

पुणे_पश्चिम
जुन्नरी, मुलीबद्दल वाचून वाईट वाटलं. पण शिवीगाळीच्या सुरात बोलायची गरज नव्हती.

जुन्नरी
शिवी दिलेली नाही. दिली असती तर कळली असती.

वस्तीवरची
रात्रीच्या पंपवाल्या दादांनी माझं म्हणणं माझ्यापेक्षा नीट मांडलं. रानात कधी जायचं हे महावितरण ठरवतं. रस्त्याला दिवा असावा की नाही, ठाण्यात किती माणसं असावीत, हे सरकार ठरवतं. ११२ लावला तर गाडी लांबच्या गावाहून निघते. यातलं काहीच माझ्या हातात नाही, आणि जीव गेला की तेवढी जबाबदारी माझी? रोखठोक, स्वतंत्र देशाचा नागरिक म्हणून मी हे मान्य करणार नाही.

रोखठोक
विजेचं पटलं. बाकीचं नाही. सरकार सुधारेपर्यंत काय करायचं ते सांगा. बसून राहायचं? निदान गावाने पहारा तरी द्यावा. ग्रामसुरक्षा दल असतं, ते चालवा.

साक्रीकर
पहारा म्हणताना जपून. १ जुलै २०१८ ला आमच्या तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण ठेचून मारले. भिक्षा मागायला आले होते. मोबाइलवरची अफवा, दुसरं काही नाही. एप्रिल २०२० मध्ये पालघरला गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर. तिथेही लोक रात्री पहाराच देत होते. प्रत्येकाला वाटत होतं, आपण गावाचं रक्षण करतोय. माझे मामा तेव्हापासून अनोळखी गावात फेरीला जात नाहीत. कपडे विकायचे, ते बंद केलं.

रोखठोक
म्हणजे बंदूक नको, पहारा नको, फक्त निवेदनं द्यायची?

साक्रीकर
पहारा नको म्हटलं नाही. ठाण्यात नोंद असलेल्या, ओळखपत्रवाल्या माणसांनी द्यावा. धरलेल्या माणसाला हात न लावता ठाण्यात द्यावं. एवढं पाळणार असाल तर मी स्वतः रात्रभर उभा राहतो.

वऱ्हाडी_ठसका
चोर धरला आणि दोन फटकेही नाहीत?

काळा_कोट
तो बांधला गेला तिथे तुमचा हक्क संपला. पुढचा प्रत्येक फटका तुमचा गुन्हा, आणि न्याय संहितेत पाच किंवा जास्त जणांनी जात, समाज, जन्मस्थान अशा कारणावरून केलेल्या खुनाला आता वेगळं कलम आहे. आणखी एक. झटापट झालीच, तर आधी ठाण्यात जाऊन स्वतःची फिर्याद द्या आणि स्वतःच्या जखमांची वैद्यकीय तपासणी करून घ्या. बचावात मारलं हे दाखवण्याचं ओझं तुमच्यावर असतं. माझे पक्षकार घाबरून घरी बसतात, समोरचा आधी तक्रार देतो, आणि मग वर्षानुवर्षं तारखा.

रोखठोक
हे कामाचं बोललात. दिवसाच्या विजेचा ठराव ग्रामसभेत कोणी आणणार असेल तर माझी सही धरा. परवान्याचा मुद्दा मात्र सोडलेला नाही. त्यावर वेगळा धागा काढतो.

वस्तीवरची
काढा. "लुटलं गेल्यावर सरकारला बोल लावू नये" हे वाक्य मागे घेतलंत का, एवढं तिथे पहिल्या ओळीत लिहा.